गाइड निवडताना विचारायचा एक प्रश्न

पीएच.डी. करायची म्हटलं की आपण सगळे एकच चौकशी करतो. गाइडचे पेपर किती, कुठल्या जर्नलमध्ये, आजवर किती विद्यार्थी वेळेत सुटले. मीही तेच केलं होतं आणि त्यात चूक काही नाही. पण तुम्ही रुग्णांवरच्या संशोधनात, म्हणजे क्लिनिकल रिसर्चमध्ये येणार असाल तर आणखी एक गोष्ट विचारा. गाइडला नको, त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्यांना विचारा: 'तुमच्या हातून चूक झाली तेव्हा काय झालं?'

हा प्रश्न मला कुठल्या वर्कशॉपमध्ये मिळाला नाही. माझ्याच एका चुकीतून मिळाला, तर तीच आधी सांगते.

आमची स्टडी रक्तदाबाच्या रुग्णांवर होती. प्रोटोकॉल म्हणजे स्टडी कशी करायची याचा लेखी आराखडा. एथिक्स कमिटीने तो मंजूर केला की त्यातला स्वल्पविरामसुद्धा आपल्या मनाने हलवायचा नाही. आमच्या प्रोटोकॉलमध्ये होतं की पेशंटला पाच मिनिटं शांत बसवायचं, मग मिनिटभराच्या अंतराने तीन वेळा बीपी घ्यायचं, पहिला आकडा सोडून द्यायचा आणि उरलेल्या दोनांची सरासरी काढायची. वरचा आकडा सरासरी 140 किंवा जास्त आला तर डोस वाढवायचा, कमी आला तर आहे तोच ठेवायचा. वाचायला किती सोपं वाटतं ना? सोमवारच्या ओपीडीत करून बघा.

त्या सोमवारी एका काकांचं बीपी मी दोनदाच घेतलं. पहिलं 146, दुसरं 138. तिसरं घेणार तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, मी उठले, परत आले तोवर काका औषधाच्या खिडकीशी गेलेले. संध्याकाळी फॉर्म पूर्ण करताना तिसरा रकाना रिकामा दिसला. मी तिथे 140 लिहिलं. आधीच्या दोन आकड्यांच्या मधलं काहीतरी, एवढाच विचार. सरासरी आली 139. डोस तोच राहिला.

म्हणजे बघा, माझ्या मनातल्या एका आकड्यावर एका माणसाचं औषध ठरलं. तेव्हा मला हे असं दिसलंच नव्हतं. मला दिसत होता फक्त रिकामा रकाना.

पकडलं ते आमच्या कोऑर्डिनेटर ताईंनी. डिजिटल मशीनवर आकड्याचा शेवट काहीही येतो, 7 येतो, 3 येतो. माणूस मनाने आकडा लिहितो तेव्हा तो शून्याकडे किंवा पाचाकडे झुकतो. ताईंना शेवटचं शून्य खटकलं, त्यांनी मशीनची मेमरी उघडली. 'दोनच दिसतायत गं. तिसरं कुठून आलं?' मी गप्प. त्या म्हणाल्या, 'चल, मॅडमकडे जाऊ. तू सांग, मी सोबत आहे.'

मॅडम रागावल्या. चांगल्याच रागावल्या, हे लपवत नाही. 'रकाना रिकामा राहिला ही चूक होती, तू तो भरलास हा खोटेपणा आहे,' असं स्पष्ट म्हणाल्या. पण त्यानंतरचा अर्धा तास मला जास्त आठवतो. फॉर्मवरचा आकडा खोडायचा कसा ते त्यांनी समोर बसवून करून घेतलं. एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी 'रीडिंग घेतलं नाही' असं कारण, सही, आजची तारीख. व्हाइटनरची बाटली क्लिनिकल रिसर्चच्या खोलीत असूच नये. मग एथिक्स कमिटीला प्रोटोकॉल पाळला गेला नाही म्हणून कळवायचं पत्र, ते मीच लिहायचं. काकांना दुसऱ्या दिवशी बोलावलं, एस.टी.चं भाडं प्रोजेक्टमधून दिलं, तीनदा बीपी घेतलं. सरासरी 144 आली आणि डोस वाढवावा लागला. ही नवी मोजणी नव्या तारखेने वेगळी नोंदवली, जुन्या रकान्यात घुसवली नाही.

सगळ्यात शेवटी मॅडमनी विचारलं, 'त्या दिवशी पेशंट किती बोलावले होते?' चौदा, नऊ ते बारामध्ये. पुढच्या आठवड्यापासून आठ झाले.

आता माझ्या एका मैत्रिणीची गोष्ट. दुसऱ्या ठिकाणी, जवळपास अशीच चूक. तिने स्वतः जाऊन सांगितलं, तर सगळ्यांसमोर फाइल टेबलावर आपटली गेली आणि महिनाभर तिला पेशंटजवळ जाऊ दिलं नाही. तिच्यानंतर त्या टीममध्ये कुणी चूक सांगितली नाही. चुका थांबल्या असतील असं तुम्हाला वाटतं का?

याचा संबंध थेट पेशंटच्या जिवाशी येतो. नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये गंभीर प्रतिकूल घटना घडली, म्हणजे मृत्यू झाला किंवा पेशंटला भरती करावं लागलं, तर ती 24 तासांत केंद्रीय औषध नियामकाला, प्रायोजकाला आणि एथिक्स कमिटीला कळवणं ही 2019 च्या नियमांनुसार मुख्य संशोधकाची जबाबदारी आहे. पण पेशंटच्या घरून फोन कुणाला येतो? मुख्य संशोधकाला क्वचितच. तो येतो कोऑर्डिनेटरला, नाहीतर तुमच्यासारख्या ज्युनियरला, रात्री अकराला. 'आत्ता मॅडमना उठवू की सकाळी सांगू?' या एका विचारात त्या 24 तासांतले आठ तास जाऊ शकतात. आणि तुम्ही काय ठरवाल ते मागच्या वेळी उठवल्यावर काय ऐकून घ्यावं लागलं त्यावर ठरतं.

संमती घेण्याचंही तसंच. संमतिपत्र वाचून दाखवायला कुणालाही येतं. माझ्या पहिल्या तीन पेशंटच्या वेळी मॅडम मागे खुर्ची टाकून बसल्या, मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. शेवटी पेशंटला एवढंच विचारलं, 'आजी, हिने काय सांगितलं ते आता तुम्ही मला सांगा.' आजी म्हणाल्या, 'नवीन भारी औषध देणार हाय मला.' मी तर वीस मिनिटं समजावलं होतं की कुणाला नवीन मिळेल, कुणाला जुनंच, ते कॉम्प्युटर ठरवतो आणि आम्हालाही माहीत नसतं! पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

ताईंबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण मार्गदर्शन म्हटलं की आपण फक्त विद्यार्थ्यांचं धरतो. कोऑर्डिनेटर, नर्स, फील्ड वर्कर ही मंडळी बहुतेक ठिकाणी कंत्राटावर असतात, प्रोजेक्ट संपला की पगार संपतो. त्यांनी पुढे काय शिकावं याचा विचार कुणी केलेला नसतो. पेपरवर नाव तर दूरच. खरं तर वैद्यकीय जर्नल्सच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे, तिच्या निकषांत माहिती गोळा करण्यातला भरीव वाटाही लेखक होण्याच्या पहिल्या अटीत बसतो. आणि ज्यांचा असा वाटा आहे त्यांना मसुद्यावर काम करायची संधी द्यावी, असंही त्यात म्हटलंय. संधीच दिली नाही तर ती व्यक्ती लेखक होणार कशी?

हे वेगळ्या तऱ्हेने करता येतं याचा पुरावा आपल्याकडेच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बाळांच्या घरच्या घरी देखभालीचा अभ्यास केला, तो 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. 39 गावांत काम केलं ते पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या गावातल्याच बायकांनी. बाळाचं वजन करणं, जंतुसंसर्ग ओळखणं, जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं, आणि नोंदी ठेवणं. दर पंधरा दिवसांनी एक डॉक्टर गावात यायचे, नोंदी पडताळायचे, चुका दुरुस्त करायचे, शिकवायचे. पण बाळावर घरी उपचार ते स्वतः करायचे नाहीत. तिसऱ्या वर्षापर्यंत तुलनेच्या 47 गावांच्या मानाने तिथला नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी कमी झाला. मला त्यातली ती पंधरा दिवसांची फेरी फार महत्त्वाची वाटते. पडताळणी नियमित होती, म्हणून ती धाड वाटत नसणार.

तर तुम्ही गाइडला भेटायला जाल तेव्हा अर्धा तास लवकर जा, त्यांच्या कोऑर्डिनेटरजवळ बसा, जमलं तर चहा घ्या. वरचा प्रश्न विचारा. उत्तर देण्याआधी त्या दाराकडे बघतात का, तेही बघा. 'आमच्याकडे चुका होतच नाहीत' असं उत्तर आलं तर मी तरी दुसरा गाइड शोधेन.

ताईंचं कंत्राट मार्चमध्ये संपलं. आता त्या दुसऱ्या प्रोजेक्टवर आहेत, पेपरच्या मसुद्यावर त्यांचे शेरे मागच्या आठवड्यात आले. पद्धतीच्या भागात मी 'तीनदा बीपी मोजले' असं सरळ लिहिलं होतं. त्यांनी समासात लिहिलंय: 'एक पेशंट सोडून. ते पण लिही.'