सुबाबळीचा पाला वराहांना किती?
बुलढाण्याच्या कोरडवाहू शिवारात बांधावरची सुबाबूळ उन्हाळ्यातही चारा देते. महाराष्ट्रात तिच्या प्रसाराला मणिभाई देसाई यांच्या ‘बाएफ’ या संस्थेने मोठा हातभार लावला. वाळलेल्या पाल्यात साधारण 20 ते 25 टक्के प्रथिने असतात, त्यामुळे महागड्या पेंडीचा थोडा खर्च नक्की वाचतो. पण पाल्यात मिमोसिन हे विषारी द्रव्यही आहे. शेळीच्या पोटातले काही जिवाणू ते पचवतात. वराहाचे पोट एककप्पी, तिथे ही सोय नाही. पाला जास्त झाला की केस गळतात, वाढ खुंटते. म्हणून वाढत्या पिलांच्या खाद्यात पालाचुरा 5 ते 10 टक्क्यांपुढे नको. गाभण मादीला देऊच नये. पाला कडक वाळवल्यास विष काही अंशी घटते. खाद्यात मिसळलेल्या हिराकशीतले (फेरस सल्फेट) लोहही मिमोसिनला बांधते. मात्र तिचे प्रमाण पशुवैद्यकाला विचारूनच ठरवा.