कानस कोणावर चालवायची?

आज तत्त्वज्ञानाचं व्याख्यान आहे असं बाहेर फलकावर लिहिलंय, आणि मी बोलणार आहे एका जुन्या रिव्हॉल्व्हरच्या दुरुस्तीवर. वालचंदनगरात या विषयावर तोंड उघडायचं म्हणजे जरा धास्तीच आहे. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांचं आयुष्य लेथवर नाहीतर फिटिंगच्या बाकावर गेलंय. मी आयुष्यभर खडू धरला. माझं यंत्राबद्दलचं काही चुकलं तर तिथल्या तिथे हटका.

झालं असं, की फलटणकडचा माझा एक जुना विद्यार्थी, आता तोही साठीला आलाय, घरचं एक शस्त्र घेऊन अडचणीत पडला होता. पणजोबांपासून चालत आलेलं कोल्ट रिव्हॉल्व्हर, 1851 च्या नमुन्याचं, टोपीचं. परवाना रीतसर, वारसाने नावावर झालेला. पण शस्त्राची अवस्था वाईट. घोड्याचं टोक तुटलेलं, नळी हलते, मागच्या दोन चुच्या गंजून गेलेल्या. त्याने मला फोन करून विचारलं, "सर, ओरिजिनल पार्ट मिळतात, पण महाग आहेत. इटलीचे नवे, तसेच्या तसे बनवलेले, स्वस्तात मिळतात. कोणते लावले तर ते आमच्या पणजोबांचंच राहील?"

मी म्हटलं, अरे, हा प्रश्न बंदूकवाल्याला विचारायचा सोडून मला काय विचारतोस! मग लक्षात आलं, की तीस वर्षं वर्गात मी हाच प्रश्न विचारत आलो होतो.

आधी वस्तू समजून घेऊ. कोकणात ठासणीची बंदूक अजून लोकांना माहीत आहे. पूर्वी दारू पेटवायला जळता तोडा, मग गारगोटी. अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने आघाताने पेट घेणाऱ्या रसायनाची युक्ती काढली आणि 1807 मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्यातून पुढे तांब्याची इवलीशी टोपी आली. रिव्हॉल्व्हरमध्ये फिरत्या दंडगोलाला सहा घरं. प्रत्येक घरात पुढून दारू आणि शिशाची गोळी ठासायची, मागे प्रत्येक घराला एक पोकळ चुची, तिच्यावर टोपी. अंगठ्याने घोडा मागे ओढला की दंडगोल एक घर फिरतो, चाप दाबला की घोडा टोपीवर आपटतो. कोल्टच्या घोड्याच्या टोकाला एक खाच असते, तीच नेम धरायची मागची खूण. म्हणजे टोक तुटलं तर आघातही गेला आणि नेमही गेला.

आणि या शस्त्राला वरून पट्टी नाही. चौकट उघडी. नळी जागेवर धरून ठेवणारी वस्तू एकच, एक पाचर. हो, सुताराची असते तशीच, फक्त लोखंडी. नळीच्या बुंध्यातून आणि दंडगोलाच्या आसातून ती आडवी जाते. ती किती आत बसते त्यावर नळी आणि दंडगोल यांच्यातली फट ठरते. सबंध शस्त्राचा जीव या पाचरीत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सॅम्युअल कोल्टची कीर्ती कशासाठी? यंत्राने भाग बनवायचे, म्हणजे एकाचा भाग दुसऱ्याला बसला पाहिजे. 1851 च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनात त्याने आपली शस्त्रं मांडली, त्याच वर्षी तिथल्या इंजिनिअरांपुढे आपल्या यंत्रांवर व्याख्यान दिलं, 1853 मध्ये लंडनला कारखाना घातला. पण गंमत बघा. त्याच्या प्रत्येक रिव्हॉल्व्हरच्या चौकटीवर, नळीवर, दंडगोलावर, एवढंच काय पाचरीवरसुद्धा एकच क्रमांक, नाहीतर त्याचे शेवटचे आकडे, ठोकलेले असतात. भाग खरोखर अदलाबदलीचे असते तर प्रत्येकावर नंबर कशाला? कारण यंत्रातून निघालेले भाग शेवटी माणूस कानशीने एकमेकांत बसवत होता. एकदा बसले की ते एकमेकांचे झाले. नंबर म्हणजे त्यांची सोयरीक.

आता तत्त्वज्ञान, पण थोडक्यात. राजा मिलिंदाला भिक्खू नागसेन विचारतो, रथ म्हणजे काय? आस? चाक? दांडी? एकेक भाग रथ नाही, आणि भागांवाचूनही रथ नाही. रथ हे व्यवहारापुरतं नाव. आपले नैयायिक याच्या अगदी उलट. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा 'अवयवी' खराच असतो. पण मग किंमत मोजावी लागते. वस्त्राचा एक तुकडा फाटला की जुनं वस्त्र नष्ट झालं, उरलं ते नवं, त्याला ते खंडपट म्हणतात. मग आपण 'हे तेच' असं का म्हणतो? साम्यामुळे. दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असते, तरी आपण तीच म्हणतो ना, तसं. नैयायिकांच्या हिशेबाने पाहिलं तर साखरेची मिल दर हंगामाला नवी. गाळप थांबलं की मिल उघडायची, रोलरचे दात पुन्हा पाडायचे, झिजलेले बुश फेकायचे. आणि दसऱ्याला हार मात्र त्याच मिलला!

तिकडे ग्रीकांकडे थिसिअसचं जहाज आहे. फळ्या बदलत बदलत सगळं बदललं, तरी जहाज तेच का? हॉब्जने 1655 मध्ये त्यात एक खोच मारली. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्याच क्रमाने जोडून दुसरं जहाज उभं केलं, तर खरं कोणतं? वर्गात हे सांगितलं की मुलं खूश व्हायची आणि मी पुढच्या धड्याकडे वळायचो. जुन्या शस्त्रांच्या बाजारात मात्र हॉब्जची खोच हा रोजचा धंदा आहे. एक मोडकं शस्त्र सोडवून त्याच्या भागांवर चार शस्त्रं 'ओरिजिनल' करायची. म्हणजे तुम्ही ओरिजिनल भाग विकत घेता तेव्हा तो कुठल्या तरी दुसऱ्या ओरिजिनलच्या अंगातून उपसलेला असतो. काही जण तर जुना नंबर घासून नवा ठोकतात. तिथे दुरुस्ती संपते आणि खोटी साक्ष सुरू होते.

आम्ही दोघं ते रिव्हॉल्व्हर घेऊन परवानाधारक दुरुस्तीकाराकडे गेलो. वयस्कर माणूस, बोलणं कमी. त्याने पाचर काढली, भिंगाखाली धरली आणि आमच्यापुढे ठेवली. पाचर अस्सल कोल्टची होती, पण नंबर वेगळा. चौकट, नळी, दंडगोल यांचा नंबर एक, हिचा भलताच. मग त्याने नळीच्या बुंध्यातली खाच दाखवली. एका बाजूने कानस फिरवून ती रुंद केलेली. कधी काळी कोणा कारागिराला ही पाचर मिळाली, जाड होती, बसेना. पाचर घासायची सोडून त्याने नळी घासली. कारण पाचर 'अस्सल' होती ना! आता या शस्त्राला त्याची स्वतःची पाचर सापडली तरी ती खुळखुळणार.

मला त्या क्षणी लाज वाटली, खरं सांगतो. तीस वर्षं मी विचारत होतो, किती फळ्या बदलल्या की जहाज बदलतं? हा माणूस किती हे विचारतच नव्हता. तो विचारत होता, घासलं कोणाला? नवा भाग जुन्यासाठी झिजला तर जुनं टिकतं. नव्याची सोय पाहून जुनं झिजवलं, तर भाग भले शंभर टक्के अस्सल असोत, वस्तू गेली. इथल्या फिटर मंडळींना यात नवीन काही नसेल. नव्या भागावर काजळी नाहीतर निळा रंग लावून तो बसवून बघायचा, जिथे घासतंय तिथेच आणि तेवढंच काढायचं, पुन्हा बसवायचं. वीस वेळा.

म्हणून माझं मत सांगतो, संग्राहकांना ते आवडणार नाही. दुसऱ्या शस्त्राच्या अंगावरच्या अस्सल भागापेक्षा मी नवा, प्रतिकृतीचा भाग पसंत करीन. 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून इटलीत, ब्रेशियाजवळच्या डोंगरातल्या गार्दोने गावी, या शस्त्रांच्या प्रतिकृती बनतात. त्यांचे आटे मेट्रिक, जुन्यांचे इंची. पोलादही आजचं. जुनी चौकट आतून मऊ लोखंडाची, हाडांच्या कोळशात तापवून फक्त वरची कातडी कडक केलेली. त्यामुळे नवा भाग आपोआप बसत नाही आणि कडक नवा भाग मऊ जुन्याला खातो. कष्ट आहेत. पण नव्या भागावर आतल्या बाजूला आजचं साल कोरता येतं. तो खोटं बोलत नाही. सगळे भाग सारखे नसतात हेही खरं. चुच्या जन्मतःच बदलण्यासाठी होत्या. टोपीतल्या रसायनाची राख लोखंड खाते, म्हणून शस्त्राच्या पेटीतच जास्तीच्या चुच्या आणि त्यांची किल्ली देत. तिथे भावनेला जागा नाही.

कायद्याचं एक सांगायलाच हवं, कारण अनेकांच्या माळ्यावर असं काहीतरी असतं. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या 45 व्या कलमात जुनाट, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सूट आहे, पण ते दुरुस्ती करून किंवा न करताही वापरता येणार नसेल तरच. 'दुरुस्ती करूनही', हे शब्द नीट ऐका. मोडकं आहे म्हणून सुटलो असं नाही. शिवाय दुरुस्ती करायलाच परवाना लागतो, भाग बाहेरून मागवायलाही. तेव्हा गावातल्या चांगल्या फिटरकडे नेऊ नका, तुमच्याबरोबर तोही अडकेल.

मग काय केलं? पाचर नवी बनवून घेतली, रुंद झालेल्या खाचेच्या मापाची, आत साल कोरलेली. दोन चुच्या नव्या, पण त्या इटलीच्या नव्हेत. जुन्या इंची आट्याच्या मापाने कातून घेतल्या, कारण मेट्रिक आटे बसवायला दंडगोल पुन्हा टॅप करावा लागला असता. परक्या नंबरची पाचर कापडात गुंडाळून वेगळी ठेवली, ती कुणाची तरी आहे. घोडा मात्र तसाच, तुटक्या टोकाचा. माझा विद्यार्थी आधी नाराज झाला, म्हणाला, सर, मग बार निघणार कसा? दुरुस्तीकाराने पहिल्यांदाच मान वर केली आणि विचारलं, "काढायचाय कोणावर?"