अठरा वर्षांनंतरची शाळा

बारा पणत्यांचा डबा भरायचा आहे आणि भरणाऱ्या मुलीला बारापर्यंत मोजता येत नाही. गणपती उठले आणि दिवाळीची ऑर्डर आली की विशेष शाळांच्या व्यवसाय विभागात हा प्रश्न समोर येतो. अंक शिकवण्यात शाळेची कितीतरी वर्षं गेलेली असतात, तरी ते पक्के झालेले नसतात. मग ताई एका पुठ्ठ्यावर पणतीच्या मापाचे बारा गोल आखतात. एका गोलावर एक पणती. सगळे गोल झाकले गेले की डझन पूर्ण, मग त्या पणत्या डब्यात. मोजण्याचं काम पुठ्ठा करतो. पणती अलगद उचलणं, रंग वाळला की नाही ते पाहणं, टवका उडालेली बाजूला काढणं ही कामं मुलीची. डबा विकत घेणाऱ्याला त्यात एकही पणती कमी सापडत नाही.

बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या तरुण मुलामुलींना शाळेनंतरच्या आयुष्यासाठी तयार करण्याचं सगळं शास्त्र त्या पुठ्ठ्यात आहे. समोरच्याला काय येत नाही यावर अडून बसायचं नाही. जे येतं तेवढ्यावर काम पुरं होईल अशी त्याची मांडणी करायची. ही मांडणी शिकवणाऱ्याने करायची असते आणि ती जमेपर्यंत बदलत राहायची असते.

अठरा हा आकडा या घरांमध्ये धास्तीचा असतो. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला, पण तो 6 ते 18 या वयासाठी. शाळेची गाडी, डबा, प्रार्थना, मधली सुट्टी यांनी बांधलेला दिवस एकाएकी रिकामा होतो. बरोबरीची भावंडं कॉलेजात जातात आणि हा मुलगा टीव्हीसमोर बसतो. शाळेत मोठ्या कष्टाने अंगवळणी पडलेल्या गोष्टी सरावाअभावी सुटू लागतात. आईवडील पन्नाशीला आलेले असतात आणि ‘आमच्या माघारी याचं काय?’ हा प्रश्न त्यांची पाठ सोडत नाही. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने अशा सज्ञान व्यक्तींसाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली, ‘निरामय’ योजनेतून एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमाही मिळतो. या सोयी मोलाच्या आहेत. मात्र सकाळी उठून कुठे जायचं, दिवसभर काय करायचं आणि कुणाच्या उपयोगी पडायचं, याचं उत्तर कार्यशाळेतच घडवावं लागतं.

महाराष्ट्रात हे काम जुनं आहे. वकील या पारशी दांपत्याने आपल्या मुलीसाठी 1944 साली मुंबईत शाळा सुरू केली. तिला डाउन सिंड्रोम होता. ती शाळा आज शिवडीला जय वकील या नावाने उभी आहे. पुण्यात 1964पासून कामायनी आहे. लहान मुलांसाठी निघालेल्या अशा शाळांना पुढे कामाचं शिक्षण जोडावं लागलं, कारण मुलं मोठी झाली आणि जायला दुसरी जागा नव्हती. 1984 साली सिकंदराबादला बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. तिने तयार केलेल्या मूल्यमापन तक्त्यांत माध्यमिकनंतर ‘पूर्वव्यावसायिक’ टप्पा येतो. त्या वर्गात अक्षरांचा आग्रह कमी होतो. वेळेवर येणं, एका जागी टिकून काम करणं, सांगितलेलं ऐकणं, अडलं तर विचारणं यांचा आग्रह वाढतो.

या साऱ्यामागच्या विचाराला एका सायकलच्या ब्रेकने मोठं बळ दिलं. अमेरिकेत मार्क गोल्ड यांनी मध्यम आणि तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या 64 जणांना उलटं पायडल मारल्यावर लागणारा ब्रेक जोडायला शिकवलं आणि 1972 साली तो प्रयोग प्रसिद्ध केला. आधी 15 सुट्या भागांचा ब्रेक, मग 24 भागांचा. अशा माणसांना पाकिटं भरण्यापलीकडे काही जमणार नाही, अशी तेव्हाची समजूत होती. गोल्ड यांनी सगळे भाग जोडण्याच्या क्रमाने खणांच्या ट्रेमध्ये ठेवले. काही जणांना दिलेल्या भागांची एकेक बाजू लाल रंगवली. भाग बसवताना लाल बाजू आपल्याकडे आली पाहिजे, एवढंच पाहायचं. लाल खूण मिळालेले कितीतरी लवकर शिकले. वर्षभराने पुन्हा तपासलं तेव्हाही ते काम त्यांच्या हातात होतं. गोल्ड शिकवताना फार बोलत नसत, उठसूट शाबासकीही देत नसत. विद्यार्थी अडला तर शिकवण्याची दुसरी रीत शोधायची, हे त्यांचं सूत्र होतं आणि त्यात अपयशाची जबाबदारी शिक्षकाकडे येते.

आपल्या कार्यशाळांत कागदी पिशवी याच रीतीने शिकवली जाते. बाजू दुमडणं, खळ लावणं, तळ चिकटवणं, काठाला भोकं पाडणं, नाडी ओवणं, गाठ मारणं अशा तिच्या पायऱ्या पाडतात. पुष्कळदा सुरुवात शेवटच्या पायरीपासून होते. ताई पिशवी जवळजवळ पुरी करून देतात, मुलाने फक्त गाठ मारायची. ती जमली की नाडी ओवून गाठ मारायची. मग त्याच्या आधीची पायरी. पहिल्या पायरीपासून शिकवलं असतं, तर अर्धवट कागद हातात घेऊन आठवडे गेले असते. इथे पहिल्याच दिवशी त्याच्या हातून पुरी झालेली पिशवी निघते आणि ती त्याची असते.

याहून कठीण भाग मदत काढून घेण्याचा. आधी ताई हात धरून करवतात, मग नुसता मनगटाला स्पर्श, मग बोटाने खूण, मग काहीच नाही. हा क्रम मध्येच थांबला तर मुलगा काम शिकतो, पण ताई शेजारी असल्या तरच करतो. प्रेमापोटी केलेली मदत अशी पायात अडकते. घरातही तेच. ‘उशीर होतोय’ म्हणून आई विशीतल्या मुलाची बटणं लावून देते आणि त्या दिवसाचा सराव बुडतो.

बसप्रवासाच्या शिक्षणात हे मागे सरकणं डोळ्यांना दिसतं. हातात बसचा क्रमांक लिहिलेलं कार्ड असतं. पाटीवरचा आकडा कार्डाशी जुळला की चढायचं. पहिले काही दिवस दादा शेजारच्या सीटवर बसतात, मग दोन रांगा मागे, मग उतरायच्या थांब्यावर नुसते उभे राहतात. यानंतर सरावाचा सर्वांत महत्त्वाचा भाग येतो. थांबा मुद्दाम चुकू द्यायचा. घाबरून न जाता पुढच्या थांब्यावर उतरणं, कंडक्टरला किंवा दुकानदाराला कार्डामागचा पत्ता दाखवणं, फोन लावणं हे सगळं दादा जवळपास असतानाच घडून गेलेलं बरं.

पैशांचंही असंच. 32 रुपयांचं सामान घेतलं तर वजाबाकी शिकवत बसत नाहीत. तीसच्या पुढे काही ऐकलं की दहाच्या चार नोटा द्यायच्या आणि उरलेले पैसे मिळेपर्यंत थांबायचं. ज्याला हिशेब कधीच जमणार नाही तोही या रीतीने कोपऱ्यावरून दूध आणू शकतो.

या अभ्यासक्रमात ‘नको’ म्हणायला शिकवण्याला मी सर्वांत वरचं स्थान देईन. विशेष मुलांना लहानपणापासून ऐकायला शिकवलेलं असतं: बस, ऊठ, हात पुढे कर. आज्ञाधारकपणाचं कौतुक होतं आणि त्यातूनच धोका उभा राहतो. कोणी अंगाला हात लावला तर मोठ्याने ‘नको’ म्हणणं, तिथून निघून येणं, विश्वासाच्या माणसाला सांगणं, दार लावून कपडे बदलणं, पाळीच्या दिवसांत स्वतःची काळजी घेणं, हे सगळं चित्रांवरून आणि पुन्हा पुन्हा अभिनय करून शिकवावं लागतं. पणत्या रंगवता न येणाऱ्या मुलीलाही हे आलंच पाहिजे.

आता कार्यशाळेच्या मर्यादेबद्दल. राख्या, कापसाची वस्त्रं, पणत्या, उटणं हा सगळा सणांवर चालणारा व्यवहार आहे. दिवाळी संपली की काम ओसरतं, हातात पडणारं मानधन तुटपुंजं असतं. सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के आरक्षण आहे, त्यातला 1 टक्का बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार अशा गटांसाठी राखलेला आहे. पण पदांना शैक्षणिक पात्रतेची अट असते आणि विशेष शाळेतले बहुतेक विद्यार्थी दहावीपर्यंत पोचतच नाहीत. त्यामुळे रोजगाराचं दार खाजगी आणि छोट्या कामाच्या ठिकाणीच उघडावं लागणार.

ते कसं उघडतं, याचा एक चांगला दाखला सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात आहे. तिथल्या आपत्कालीन विभागात औषधोपचाराचं साहित्य कपाटांत भरून ठेवण्याच्या कामावर माणसं टिकत नव्हती. विभागप्रमुख एरिन रील यांना वाटलं की ठरलेल्या क्रमाने, रोज तेच काम चोख करणारी माणसं आपल्याला हवी आहेत आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांना ते का शिकवू नये? 1996 साली सुरू झालेला हा ‘प्रोजेक्ट सर्च’ आज अनेक देशांत चालतो. शाळेच्या शेवटच्या वर्षात विद्यार्थी थेट रुग्णालयात किंवा कार्यालयात येतात, तिथेच वर्ग भरतो आणि वर्षभरात तीन वेगवेगळ्या विभागांत ते प्रत्यक्ष काम शिकतात. प्रशिक्षक सोबत असतो आणि हळूहळू बाजूला होतो.

आपल्याकडेही अशी कामं जागोजाग आहेत. रुग्णालयात चादरींच्या घड्या, वाचनालयात परत आलेली पुस्तकं रांगेत लावणं, हॉटेलात काटे-चमचे पुसून रुमालात गुंडाळणं, कार्यालयात कागद स्कॅन करणं. ही कामं ठरलेली असतात, क्रमाने करायची असतात आणि ती चोख व्हावीत अशी मालकाचीही गरज असते. सणाला कार्यशाळेच्या वस्तू जरूर घ्याव्यात. त्यासोबत ज्यांच्या हाताखाली माणसं काम करतात त्यांनी आपल्याकडच्या अशा कामांची यादी घेऊन जवळच्या विशेष शाळेच्या व्यवसाय विभागात जावं. त्या कामाच्या पायऱ्या कशा पाडायच्या, हे तिथल्या ताईंना ठाऊक आहे. शिकलेल्या मुलाला जागा देणं मात्र त्यांच्या हातात नाही, ते आपल्या हातात आहे.