तिसरी रात्र

हाडांच्या वॉर्डात मांडीचं हाड मोडलेला पन्नाशीचा माणूस दाखल होतो. पहिला दिवस एक्स-रे आणि रक्ताच्या तपासण्यांत जातो. दुसऱ्या दिवशी त्याला घाम फुटतो, झोप येत नाही, चहा घेताना कप बशीवर वाजत राहतो. दुखत असेल, म्हणून सगळे सोडून देतात. तिसऱ्या रात्री तो सलाईनची सुई उपसतो, पायाला बांधलेलं वजन झुगारून उठायला बघतो. चादरीवरून मुंग्या वेचतो, पण चादरीवर मुंगी नसते. बायकोला ओळखत नाही. वॉर्ड त्याला एसटीचा डेपो वाटतो. या अवस्थेत अनेकांचे हात आपापला धंदा करत राहतात: ड्रायव्हर हवेत स्टिअरिंग फिरवतो, शिंपी नसलेल्या सुईत नसलेला दोरा ओवतो. समोर कोरा कागद धरला तर काहीजण तो वाचूनही दाखवतात. घरचे घाबरतात, डोक्याला मार लागला असेल म्हणतात, कुणी उशीखाली अंगारा ठेवतं. आणि केसपेपरवर दाखल करताना लिहिलेलं असतं, ‘व्यसन: नाही’.

ही नशा नव्हे. दारू थांबल्यामुळे आलेला हा आजार आहे. त्याला डेलिरियम ट्रेमेन्स हे नाव १८१३ मध्ये थॉमस सटन या इंग्लिश डॉक्टरांनी दिलं. तरीही पुढची शंभराहून जास्त वर्षं वाद चालूच राहिला: हे दारूचं विष, उपासमार, की दारू तुटल्याचा परिणाम? १९५५ मध्ये अमेरिकेत लेक्सिंग्टन इथं हॅरिस इस्बेल आणि सहकाऱ्यांनी काही स्वयंसेवकांना पोटभर जेवण आणि जीवनसत्त्वं देत कित्येक आठवडे भरपूर दारू पाजली आणि मग ती एकदम बंद केली. जे सर्वांत जास्त दिवस प्यायले होते त्यांच्यात फिट, भास, भ्रम, सगळं उमटलं. उपासमारीचा मुद्दा तिथंच निकालात निघाला. दारू मेंदूला सतत शांत करत असते. मेंदू आपला तोल राखायला उलट बाजूने जोर लावतो. रस्सीखेचीत समोरच्यांनी दोर एकदम सोडला की इकडचे उताणे पडतात, तसं काहीसं होतं. सहा-आठ तासांत कापरं भरतं, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान ती तिसरी रात्र येते. उपचार नव्हते तेव्हा काही ठिकाणी अशा रुग्णांपैकी एक तृतीयांशापर्यंत दगावत. वेळेवर उपचार मिळाले तर आज हे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली राहतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की दाखल करताना ‘दारू घेता का’ असं विचारून भागत नाही. ‘रोज किती, आणि शेवटची कधी?’ हे मधुमेहाच्या प्रश्नाइतक्या सहज, सुरात दोष न आणता विचारलं गेलं पाहिजे. शेवटच्या घोटाची वेळ कळली की पुढच्या चार दिवसांचं वेळापत्रक कळतं.

आणखी एक गोष्ट त्या उत्तरावर अवलंबून असते. अशक्त दिसणाऱ्या माणसाला सलाईन लावा, असा आग्रह आपल्याकडे घरचेच धरतात. रोज पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, बहुधा संपत आलेलं असतं, आणि ग्लुकोज पचवायला तेच लागतं. ते न देता सलाईनमधून ग्लुकोज चढत राहिलं तर उरलंसुरलंही संपू शकतं: नजर स्थिर राहत नाही, चाल झोकांडते, शुद्ध ढळते. ही वर्निकेची व्याधी. ती निसटली तर मागे उरतो कोर्साकॉफचा विसर. जुनं बरंचसं आठवतं, पण सकाळी कोण भेटून गेलं ते संध्याकाळी आठवत नाही, आणि ती रिकामी जागा माणूस अगदी मनापासून रचलेल्या हकिकतींनी भरतो. हे टाळणारं इंजेक्शन अगदी स्वस्त आहे, ही गोष्ट मला फार लागते.

यावर हमखास सांगितलं जातं की कित्येकांनी माळ घातली, श्रावण पाळला, एका दिवसात सोडली, काही झालं नाही. खरं आहे, बहुतेकांचं कापऱ्यावर निभावतं. पण दर वेळी एकदम थांबणं आणि पुन्हा सुरू करणं यातून मेंदू अधिकाधिक चटकन पेटणारा होतो, आणि पुढची खेप आधीपेक्षा जड जाऊ शकते. त्यामुळे ‘गेल्या श्रावणात काही झालं नव्हतं’ यात या श्रावणाची हमी नसते. दुसरा आक्षेप उपचारात दिल्या जाणाऱ्या गोळ्यांवर असतो, की एक व्यसन सोडवून दुसरं लावता. लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडची सवय लागते, ही भीती खोटी नाही. म्हणूनच ही औषधं कापरं, घाम, नाडी बघत द्यायची आणि साधारण आठवड्याभरात उतरवत बंद करायची असतात. चिठ्ठी खिशात देऊन घरी पाठवणं ही चूकच. मग थोडी दारूच का देऊ नये? २०२०च्या लॉकडाऊनमध्ये केरळ सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला होता; उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. हातात खात्रीचं औषध असताना, ज्याने यकृत पोखरलं तेच पुन्हा मापून देण्यात मला अर्थ दिसत नाही.

सर्वांत अवघड आक्षेप घरच्यांचा असतो आणि तो सहसा बोलला जात नाही. कागदावर दारू आली तर विम्याचा दावा अडकेल, अपघात असेल तर पोलिसांच्या कागदातही जाईल, मुलीच्या सासरची माणसं खाटेशेजारी उभी आहेत. म्हणून बायको ‘कधीमधी घेतात’ म्हणते. तिला खोटारडी ठरवून काही साधत नाही. तिला बाजूला घेऊन, तिसऱ्या रात्री काय होऊ शकतं ते सांगून विचारलं, तर ती बहुतेकदा क्वार्टरचा हिशेबही देते आणि किती वाजता घेतली तेही सांगते.

पाचव्या-सहाव्या दिवशी माणूस शुद्धीवर येतो. त्या रात्रीचं त्याला फारसं आठवत नाही, आणि घरचे त्याला सांगत नाहीत. हाड सळई घालून बसवलेलं असतं, डिस्चार्ज होतो. कार्डावर सळईची लांबी, टाके काढण्याची तारीख, गोळ्यांची नावं असतात. पुढच्या वर्षी माळ घालून तो पुन्हा एका दिवसात थांबेल, तेव्हा त्याला तपासणाऱ्या डॉक्टरच्या हातात हेच कार्ड असेल.