पट्टी कुणाची, गळा कुणाचा?



गावात हरिनाम सप्ताह बसला की दुपारचा वेळ महिला भजनी मंडळाला मिळतो. पेटीवर बहुतेक ठिकाणी पुरुष मंडळींपैकीच कुणी भाऊ बसलेले असतात. ते आपल्या सवयीच्या पट्टीत सूर धरतात आणि आपण त्यात गातो. ध्रुवपद म्हणताना आवाज विहिरीत उतरल्यासारखा होतो, चरणाला शिरा ताणून ओरडावं लागतं. चौथ्या दिवशी घसा बसतो. मग मंडपातून कुणीतरी म्हणतं, "बायांचा आवाज पोचत नाही." लोणारला कमळजा देवीच्या नवरात्रात म्हणा, की गावोगावच्या काकड्याला म्हणा, हे वाक्य ऐकलं नाही अशी भजन म्हणणारी बाई सापडायची नाही. आज या वाक्याचीच तपासणी करू.

आपल्या गळ्यात दोन स्वरतंतू असतात. श्वास बाहेर जाताना ते थरथरतात आणि आवाज निघतो. बाईचे तंतू साधारण सव्वा ते पावणेदोन सेंटिमीटर लांब, पुरुषाचे पावणेदोन ते अडीच. लहान तंतू जास्त वेगानं थरथरतो, म्हणून आवाज उंच. साधं बोलताना बाईचे तंतू सेकंदाला सुमारे २०० वेळा थरथरतात, पुरुषाचे सुमारे १२० वेळा. गाण्यात सा पासून वरच्या सा पर्यंत गेलं की हा आकडा बरोबर दुप्पट होतो. त्या टप्प्याला सप्तक म्हणतात. न शिकलेल्या माणसाचा गळा शब्द स्पष्ट ठेवून दीड ते दोन सप्तकं फिरतो. आवाजाचा हा पल्ला प्रत्येकीचा वेगळा असतो, आणि तो कुठून सुरू होतो हेही वेगळं असतं.

आता आपल्या कानात दोन प्रकारचे आवाज बसलेले आहेत, एक सिनेमातला आणि एक देवळातला. सिनेमातला म्हटला की लता मंगेशकर. उंच, बारीक, तार सप्तकात लखलखणारा. गंमत अशी की सुरुवातीच्या काळात हाच आवाज फार पातळ आहे म्हणून एका निर्मात्यानं नाकारला होता, असा किस्सा सांगतात. तेव्हा जड आवाजाची चाल होती. पुढं लताबाईंनी ती चालच बदलली आणि मग पन्नास वर्षं गावागावातल्या पोरी आपला आवाज बारीक करत बसल्या. आजही सिनेमाच्या चालीवर बांधलेलं भजन मोबाइलवर ऐकून आपण त्याच उंचीवर म्हणायला जातो. ती उंची त्या गळ्यासाठी ठरवलेली होती. रेकॉर्डिंगआधी गायकाला सोयीची पट्टी बघून मगच वादक वाजवतात, ही गोष्ट ऐकणाऱ्याला कुणी सांगत नाही.

देवळातल्या आवाजाचं काय? भीमसेन जोशींचे अभंग घराघरात आहेत. भरदार पुरुषी आवाज, खर्जातून उठून वर जाणारा. त्याच भीमसेनांच्या गुरूंच्या, म्हणजे सवाई गंधर्वांच्या शिष्या गंगूबाई हनगल. घशाच्या दुखण्यावरच्या उपचारानंतर त्यांचा आवाज जाड झाला. त्यांनी तो लपवला नाही, खालच्या पट्टीत गायल्या आणि देशभर नाव झालं. किशोरी आमोणकरांनी गायलेला सोयराबाईंचा अभंग तर तुम्ही ऐकलाच असेल. सोयराबाई म्हणजे चोखोबांची पत्नी, आणि चोखोबांचं जन्मगाव म्हणून आपल्याच जिल्ह्यातलं मेहुणा राजा सांगतात, हे आम्हाला मुद्दाम आठवण करून द्यावंसं वाटतं. शेकडो वर्षांपूर्वीच्या बाईचे शब्द, आणि आजच्या बाईच्या गळ्यातून ते तिच्या स्वतःच्या पट्टीत येतात.

लताबाईंनीही तुकोबांचे अभंग गायले, श्रीनिवास खळ्यांच्या चालीत. भीमसेनजींबरोबर राम-श्याम गुणगानही गायलं. म्हणजे सिनेमाचा गळा वेगळा आणि भक्तीचा वेगळा अशी काही वाटणी नाही. एकच गळा दोन्हीकडे जातो. फरक पडतो तो कोणाच्या सोयीनं सूर धरला यात.

परदेशातही हेच दिसतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांच्या चर्चमध्ये भक्तिगीतांची एक जोरकस परंपरा आहे, तिला गॉस्पेल म्हणतात. तिथली सर्वांत मोठी गायिका महालिया जॅक्सन, जन्म १९११. आवाज बाईचा, पण खोल आणि रुंद. भक्तिगीतं सोडून दुसरं काही गाणार नाही असा तिचा नेम होता. १९६३ साली वॉशिंग्टनच्या मोठ्या मोर्चात, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणाआधी, लाखोंच्या गर्दीपुढं ती गायली. तिच्यानंतरची अरेथा फ्रँकलिन वडिलांच्या चर्चमध्ये गाऊन तयार झाली, नंतर लोकप्रिय गाण्यांत गेली आणि कितीतरी उंच सूर लावू लागली. खोल आवाजानं तिकडं कुणाचं अडलं नाही. चर्चच्या समूहगानात तर उंच आवाजाच्या बाया, खालच्या आवाजाच्या बाया, उंच आणि खालचे पुरुष असे चार भाग करून प्रत्येकाला वेगळा सूर देण्याची रीतच आहे. आपल्या मंडळात मात्र वीस जणी आणि सूर एक.

गायकांबद्दल अमक्याचा गळा तीन सप्तकं, तमक्याचा चार, असे आकडे सांगितले जातात. आम्ही त्यांना फार महत्त्व देत नाही. एखादा सूर कसाबसा काढून दाखवणं वेगळं आणि त्या सुरात अर्धा तास शब्द म्हणणं वेगळं. भजनाला दुसऱ्याचीच गरज असते.

आता आपला हिशोब करू. बऱ्याच चाली खालच्या पंचमापासून वरच्या गंधारापर्यंत फिरतात. समजा पेटीवाल्या भाऊंनी काळी एक धरली. पुरुषांना ही सोयीची. बाईनं त्यांच्याच उंचीवर सा लावला तर तिचा खालचा पंचम सेकंदाला १०४ थरथरींवर जातो. तिथं बाईच्या गळ्यातून नुसती हवा येते. म्हणून ती एक सप्तक वर घेते. मग चरणातला वरचा गंधार जवळपास ७०० वर जातो, आणि तिथं सुरू होतो आरडाओरडा. काळी चार धरली तर तोच खालचा पंचम सुमारे १५६ वर आणि तोच वरचा गंधार ५२३ वर येतो. दोन्ही बऱ्याच जणींच्या आवाक्यात. गळा तोच, बाई तीच. आवाज पोचत नव्हता तो या पट्टीमुळं.

वारकरी गायक मात्र स्वतःच उंच पट्टी धरतात, कित्येकदा काळी चारच्या आसपास. मोकळ्या माळावर टाळ-मृदंगाच्या वर आवाज न्यायचा म्हटल्यावर दुसरं काय करणार? शेगावची पालखी पंढरपूरच्या वाटेला लागते तेव्हा पुरुषांच्या दिंडीतला हा उंच सूर ऐकून बघा. अशा मंडळाच्या साथीत बायांना सोपं जातं. अडचण होते ती खालच्या पट्टीच्या पेटीवाल्यांबरोबर.

तुमची पट्टी कोणती, हे तुम्हीच काढू शकता. सकाळी उठल्या उठल्या नको, तेव्हा गळा जड असतो. दिवस वर आल्यावर घोटभर पाणी पिऊन पेटीजवळ बसा. एक एक सूर खाली उतरत "विठ्ठल" म्हणा. जिथपर्यंत शब्द स्वच्छ ऐकू येतो तो शेवटचा सूर धरा. तो तुमचा खालचा पंचम. तिथून काळ्या-पांढऱ्या मिळून पाच पट्ट्या वर चढा, तो तुमचा सा. शेवटचा स्वच्छ सूर काळी दोन असेल तर सा येतो काळी चारवर. कुणाचा काळी तीनवर येईल, कुणाचा काळी पाचवर. मंडळातल्या सगळ्याजणींचा काढून जास्तीत जास्त जणींना जमेल तो घ्या. पाळी गेल्यानंतर बऱ्याच बायांचा आवाज थोडा खाली उतरतो. तेव्हा पट्टीही एक-दोन घरं खाली घ्यायची, त्यात कमीपणा नाही. सासूबाईंना आणि सुनेला एकच पट्टी मानवेल असं नसतं, तेव्हा चरण वाटून घ्या.

घसा बसल्यावर हळद-दूध, मध-आलं याने बरं वाटतं, पण तंतूंना खरी हवी असते ती विश्रांती आणि पाणी. पुटपुटून बोलणं म्हणजे विश्रांती नव्हे, त्यानंही ताण पडतो. दरवर्षी ओरडून ओरडून तंतूंवर बारीक गाठी येऊ शकतात. आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचंच. तंबाखू किंवा मिश्री लावणारीनं तर अजिबात उशीर करू नये.

आता राहिला तो नेहमीचा आक्षेप. "मृदंग लावून झाला, आता पट्टी बदलता येत नाही." यात तथ्य आहे. मृदंगाची शाई असलेली बाजू ठोकून एका सुराला मिळवलेली असते, ती फार वरखाली होत नाही. पण त्यावर तोड आहे, आणि ती मोठ्या गवयांनी वापरलेली आहे. पंडित जसराज यांनी बाई आणि पुरुष एकत्र गातील अशी जुगलबंदी बांधली, तिला जसरंगी म्हणतात. तिच्यात दोघं आपापल्या पट्टीत गातात आणि पुरुषाचा सा हा बाईचा मध्यम होतो. आपल्यालाही तेच करता येतं. मृदंग काळी एकमध्ये मिळवलेला असू द्या. तुम्ही काळी चारमध्ये गा, मृदंग तुमच्या मध्यमात बोलेल. काळी तीनमध्ये गायलात तर तो तुमच्या पंचमात बोलेल. दोन्ही कानाला गोड लागतं.

पेटीवाल्या भाऊंची बोटं काळी एकला सरावलेली असतात, काळी चारमध्ये ती अडखळतात, हीही खरी अडचण आहे. म्हणून सप्ताहाच्या आठ दिवस आधी त्यांना चहाला बोलवा आणि सांगा, "भाऊ, आमची चार भजनं काळी चारमध्ये बसवून द्या." एका मंडळात पट्टी सरकवता येणारी पेटी असली तर प्रश्नच मिटला. नसली तर बचतगटातल्या एखाद्या पोरीला पेटी शिकवायला घाला. तोवर मोबाइलवरचा तानपुरा काळी चारवर लावून रोज संध्याकाळी दहा मिनिटं सगळ्याजणींनी नुसता सा धरायचा.