शहराच्या कंपनांतून भूमीची परीक्षा

भिलाई येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. पोलाद लाटणाऱ्या गिरण्या, खनिज वाहणाऱ्या आगगाड्या आणि रस्त्यांवरील वाहने यांमुळे तेथील जमीन अहोरात्र कंप पावत असते. ही कंपने माणसाला जाणवत नाहीत. त्यांचा विस्तार सामान्यतः मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो. दूरचा भूकंप नोंदवू पाहणाऱ्यास हा गोंगाट विघ्नरूपच वाटतो. परंतु पायाखालच्या मातीची व गाळाची जाडी जाणून घेण्यास हाच गोंगाट उपयोगी पडतो.

ही जाडी जाणण्याची आवश्यकता काय? १९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला. तेथून साडेतीनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या मेक्सिको शहरात भीषण हानी झाली, आणि तीही मुख्यतः जुन्या सरोवराच्या मऊ गाळावर वसलेल्या भागात. खडकावरील वस्ती त्या मानाने बचावली.

ह्याचे कारण असे : झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत थोडाथोडा झोका दिला, तरी तो उंच जातो. कठीण खडकावर पसरलेल्या मऊ थरालाही अशीच स्वतःची लय असते. थर जितका जाड, तितकी लय संथ. थरातील आडव्या कंपनाच्या तरंगाचा वेग सेकंदास २०० मीटर असल्यास १० मीटर जाडीचा थर सेकंदास ५ वेळा, तर २० मीटर जाडीचा थर अडीच वेळा हेलकावतो. तरंगवेगास कंपनसंख्येच्या चौपटीने भागले की जाडी मिळते. इमारतीच्या एका हेलकाव्यास स्थूलमानाने दर मजल्यामागे सेकंदाचा दहावा भाग लागतो. म्हणजे चार मजली इमारतही सेकंदास अडीच वेळाच हेलकावते! इमारतीची व भूमीची लय अशी जुळली, की भूकंपात धोका वाढतो.

भूमीची ही लय ओळखण्याची सुलभ रीत जपानी शास्त्रज्ञ युताका नाकामुरा यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. नोगोशी व इगाराशी यांनी १९७१ मध्येच तिचा पाया घातला होता. एक कंपमापक जमिनीवर ठेवून उभ्या व दोन आडव्या दिशांतील कंपने सुमारे अर्धा तास नोंदवितात. मऊ थर आपल्या लयीत आडवी कंपने विशेष वाढवितो, उभी फारशी वाढवीत नाही. म्हणून आडव्या कंपनांस उभ्या कंपनांनी भागले असता त्या लयीपाशी आलेखात शिखर दिसते. ह्यासाठी सुरुंग लावावे लागत नाहीत, की रस्ते खोदावे लागत नाहीत.

तथापि औद्योगिक नगरात सावधगिरी हवी. मिनिटास १५०० फेरे घेणारे यंत्र सेकंदास २५ कंपने निर्माण करते, आणि त्याचेही शिखर आलेखात उमटू शकते. मात्र ते सुईसारखे टोकदार असून तिन्ही दिशांच्या नोंदींत एकाच जागी आढळते, व यंत्र थांबताच नाहीसे होते. भूमीचे शिखर रुंद असते आणि यंत्र थांबले तरी टिकते. हा विवेक न केल्यास यंत्राची लय भूमीची म्हणून नकाशात शिरेल.

दुर्ग-भिलाई परिसरात चुनखडक व शेल आढळतात. त्यांवर कोठे भाटा नावाची मुरमाड जमीन, तर कोठे कन्हार ही काळी माती असते. चुनखडक पाण्याने झिजत असल्याने त्याचा माथा सपाट राहीलच असे नाही. एका ठिकाणच्या बोअरवरून शेजारच्या जमिनीची कल्पना येईलच, असे म्हणता येत नाही. येथे ठिकठिकाणी अर्धा-अर्धा तास ऐकलेली कंपने मोलाची ठरतात. मात्र तरंगवेग निश्चित करण्यासाठी काही बोअर हवेतच. आणि माती व खडक यांच्या कठीणपणात मोठा फरक नसेल, तर शिखर उमटतच नाही.

२२ मे १९९७ च्या भूकंपानंतर जबलपूर शहराचे भूकंपदृष्ट्या विभाग पाडताना ही रीत वापरली गेली. तेथे भूकंप आधी झाला आणि तपासणी नंतर. ३० सप्टेंबर १९९३ रोजी उद्ध्वस्त झालेले किल्लारी तर तत्कालीन नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होते. शांत मानलेल्या प्रदेशातही घर बांधण्यापूर्वी भूमीची परीक्षा करावी, हाच ह्याचा बोध होय.