चंडोलासाठी गव्हात सोडलेली जागा

चंडोलाला झाड लागत नाही. उघड्या रानात, गवताच्या आडोशाला तो जमिनीवरच घरटं करतो. युरोपात जंगलं तोडून शेती वाढली तेव्हा या पक्ष्याचं फावलंच. शेकडो वर्षं तो शिवारातच नांदला. म्हणून 1970 नंतरच्या पाव शतकात ब्रिटनमधले निम्म्याहून जास्त चंडोल कमी झाले, तेव्हा अभ्यासक कोड्यात पडले. शेतं तर जागच्या जागी होती. गहूही पूर्वीपेक्षा जास्तच पिकत होता.

संशय आधी फवारणीवर गेला, आणि तो खोटा नव्हता. तणनाशकांनी तण गेलं, त्याबरोबर तणाचं बी गेलं आणि त्यावर जगणारे किडेही. पण मोठा घाव पेरणीच्या तारखेने घातला होता. पूर्वी तिथे बरंचसं धान्य, विशेषतः जव, मार्च-एप्रिलमध्ये पेरत. पुढे हिवाळ्याआधी, ऑक्टोबरच्या सुमारास गहू पेरण्याची पद्धत फोफावली. आपला रब्बीचा गहू चार महिन्यांत निघतो. तिथला थंडीभर जमिनीलगत थांबतो, वसंतात जोर धरतो आणि ऑगस्टच्या सुमारास कापणीला येतो.

या बदलाने चंडोलाला दुहेरी फटका दिला. वसंतात पेरायचं शेत हिवाळाभर धसकटांसकट पडून असे. सांडलेले दाणे आणि तणाचं बी टिपून पक्षी थंडी काढत. ती सोय गेली. दुसरा फटका विणीला बसला. मादी तीन-चार अंडी घालते, सुमारे 11 दिवस उबवते, आणि आठवड्याभराची पिल्लं धड उडताही येत नसताना घरट्याबाहेर पडतात. त्यातली बरीच शिकाऱ्यांच्या तोंडी जातात. म्हणून उन्हाळ्यात दोन-तीनदा वीण साधली तरच संख्या टिकते. त्यासाठी पीक बुटकं आणि विरळ हवं. ऑक्टोबरात पेरलेला गहू मे महिन्यात इतका उंच, दाट होतो की पक्ष्याला आत उतरायला आणि पिल्लांसाठी किडे शोधायला वाव राहत नाही. पहिली वीण कशीबशी होते, पुढच्या राहून जातात. काही जोड्या ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांलगत घरटी करतात; पण कोल्हाही त्याच वाटेने फिरतो.

दुखणं नेमकं कळल्यावर इलाज सोपा निघाला. पेरताना यंत्र काही मीटर बंद ठेवायचं आणि पुढे जायचं. साधारण चार बाय चार मीटरचा तुकडा मोकळा राहतो. हेक्टरी असे दोन तुकडे, चाकोऱ्यांपासून आणि शेताच्या कडेपासून दूर. घरटं आजूबाजूच्या गव्हातच होतं; तुकडा असतो तो उतरायला आणि किडे टिपायला. जमीन जाते हेक्टरी 32 चौरस मीटर, म्हणजे एक टक्क्याचा तिसरा हिस्साही नाही. चाचण्यांमध्ये अशा शेतांत नेहमीच्या गव्हापेक्षा जवळजवळ दीडपट पिल्लं निघाली. आरएसपीबी या पक्षिसंरक्षण संस्थेने केंब्रिजशायरमध्ये 'होप फार्म' हे शेत घेऊन तिथे असे उपाय करून पाहिले. 2000 साली तिथे चंडोलाच्या 10 जोड्या होत्या, पुढे त्या चाळिसाच्या आसपास गेल्या. गव्हाचं उत्पादनही घटलं नाही.

मग देशभर चंडोल का वाढले नाहीत? 2005 पासूनच्या सरकारी योजनेत या तुकड्यांसाठी पैसे ठेवले होते, पण ते घेणारे शेतकरी थोडेच निघाले. त्याच योजनेत शेताकडेची झुडपी कुंपणं जपण्याचेही पैसे मिळत. कुंपण तर मुळातच उभं होतं. पेरणीच्या घाईत यंत्र बंद-चालू कोण करणार? कुंपणाचा फायदा दुसऱ्या पाखरांना झाला असेल. उघड्या रानातला चंडोल त्याच्या जवळही फिरकत नाही.

ही कथा एकट्या ब्रिटनची नाही. धान्याचं हेक्टरी उत्पादन जिथे जास्त वाढलं, त्या युरोपीय देशांत शेतातले पक्षीही जास्त घटले, असं पॉल डोनाल्ड आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दाखवलं. 2023 मध्ये 28 देशांतल्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा शेतशिवारातले पक्षी 1980 पासून निम्म्याहून खाली आल्याचं दिसलं. खतं आणि कीटकनाशकांवर पोसलेली शेती हे त्याचं मुख्य कारण ठरलं.

चार बाय चारचा तुकडा आपल्याकडे जशाचा तसा आणून उपयोग नाही. आपलं पीक वेगळं, हंगाम वेगळा. घ्यायची ती शोधाची रीत: पक्ष्याचं आणि पिकाचं वेळापत्रक शेजारी मांडायचं आणि दोन्ही कुठे एकमेकांच्या आड येतात ते पाहायचं. आपली टिटवी प्रामुख्याने मार्च ते ऑगस्टमध्ये उघड्या जमिनीवर अंडी घालते, आणि त्याच दिवसांत नांगरट, पाळ्या, पेरणी उरकायची असते. तिने अंडी किती उंचावर घातली यावरून पावसाचा अंदाज गावोगाव बांधला जातो. आता औत आणि ट्रॅक्टर फिरून गेल्यावर त्यातली किती अंडी शाबूत राहिली, हेही मोजायला हवं. तो आकडा हाती आला की काय बदलायचं ते ठरवता येईल. मात्र उपाय असा हवा की ऐन पेरणीच्या घाईतही शेतकऱ्याला तो जमावा.